वनाची मूठ

पुना आबाला भाऊ मेलेला हवा होता, आणि तोही श्रावण सरायच्या आत.

एरवी या माणसाला कसली घाई म्हणून नव्हती. वीसेक वर्षं त्यानं हाच भाऊ जिवंत ठेवला होता, तोही फुकटात. दर श्रावणात घरच्या देवीच्या, कानबाईच्या रोटांसाठी गहू मोजायचे. कुळातल्या एकेका पुरुषाच्या नावानं एकेक मूठ सुपात टाकायची आणि ते दळून आणायचं. सुरतेला जाऊन परत न आलेल्या धाकट्या भावाच्या, वनाच्या नावाची मूठ पुना आबा स्वतःच्या हातानं टाकायचा. टाकताना असा काही गळा काढायचा की भाऊबंदांतल्या बाया पदर डोळ्यांना लावत. या कुळात मेलेल्याची मूठ पडत नाही. मूठ पडली म्हणजे वना जिवंत. वना जिवंत म्हणजे त्याची बायको तानुबाई सवाशीण, आणि शिंदखेड्याच्या गाळ्यातला अर्धा वाटा वनाचा, तिचा नाही. वना येईपर्यंत तो सांभाळायचा कुणी, तर थोरल्या भावानं. पुना आबानं तो फार मायेनं सांभाळला. महिन्याच्या महिन्याला भाडं आणलं आणि आपल्या बंडीच्या खिशात घातलं. तानुबाईला मागच्या खोलीत राहायला जागा होती, वर्षाची ज्वारी होती आणि सुनेची नेसून विटलेली लुगडी होती. बाकीचं वना आला की बघू.

यंदा शिंदखेड्याचा रस्ता रुंद झाला. पुढची दुकानं पाडली गेली आणि आतल्या बाजूला पिठाची गिरणी घेऊन बसलेला हा गाळा एकदम तोंडावर आला. धुळ्याचा एक मोबाइलवाला गिऱ्हाईक म्हणून उभा राहिला. आता विकायचा तर वनाची सही हवी, आणि वना नाही. वकिलानं वाट दाखवली. इतकी वर्षं पत्ता नाही तो मेला असं कोर्टाकडून ठरवून घ्यायचं, भाऊबंदांच्या साक्षी द्यायच्या आणि बायकोची सही घ्यायची. ज्या बाईला घरात कुणी कधी काही विचारलं नव्हतं, तिच्या खोलीत दिवसातून दोनदा चहा यायला लागला.

तानुबाई तो चहा प्यायची. चहावर तिचा राग नव्हता.

नागपंचमी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्याच्या कपाशीत निंदायला बसली होती. रात्री झिमझिम झाली होती. काळी माती खुरप्याला चिकटून बसत होती, घडीघडी अंगठ्यानं निपटावी लागत होती. ओळीत सात-आठ बाया होत्या. बांधावर मोटरसायकल थांबली आणि पुना आबाचा मुलगा स्वप्नील उतरला. पायात पांढरे बूट. हा धुळ्यात प्लॉटचा धंदा करायचा, म्हणजे लोकांचे प्लॉट लोकांना विकायचा आणि मधे उभा राहायचा.

"काकू, जरा वर ये ना," त्यानं हाक मारली.

"तूच ये खाले. माती चावत नही."

त्यानं बुटांकडे पाहिलं आणि तो बांधावरच राहिला. त्यामुळे जे बोलणं घरात दार लावून व्हायला हवं होतं, ते सगळ्या बायांच्या कानांवरून ओरडून झालं.

"बठ्ठं तयार शे काकू. तुनी सही तेवढी बाकी शे. सोमवारे कोर्टमा जानं शे."

"काबर? कोन मरनं?"

"काका… म्हंजे मरना असं नही. कागदवर."

"कागदवर मरना अन् कानबाईमा जित्ता?"

"ती रीत शे, काकू. कोर्टमा रीत चालत नही."

"मंग मना घरमा कोर्ट चालत नही."

बाया हसल्या. स्वप्नील चिडला. चिडला की त्याला शहाणपण सुचायचं.

"वकील म्हनस, येशी तवय कुंकू लावू नको. साधं लुगडं नेस. बांगड्या बी काढी ठेव. एक दिनना तर सवाल शे!"

ओळीतली खुरपी थांबली. हसणाऱ्या बायांनी माना खाली घातल्या.

तानुबाईला वनाच्या कुंकवाचं काडीचं कौतुक उरलं नव्हतं. सुरतेहून पहिली काही वर्षं पैसे आले, मग निरोप आले, मग निरोपही बंद झाले. सुरुवातीला ती रडली. नंतर तिला कामं होती. तो साडीच्या कारखान्यात मेला असेल, नाहीतर कुण्या दुसरीच्या खाटेवर आडवा पडला असेल. दोन्हीपैकी काय झालं हे कळायची इच्छासुद्धा तिनं सोडून दिली होती. पण ते कुंकू एका दिवसापुरतं पुसून ये, असं हे पोरगं चार बायांत बांधावरून ओरडून सांगतं, या गोष्टीचा तिला असा संताप आला की कानशिलं तापली.

"एक दिन रांडकी व्हसू, अन् दुसरा दिन परत सवासीन?" ती उठून उभी राहिली. गुडघे वाजले. "पहिले तुनी बायकोले करी दखाडाले लाव. तिनं देखी देखी मी बी शिकसू."

स्वप्नीलनं गाडीला लाथ मारली आणि तो गेला. चाकानं उडवलेला चिखल त्याच्याच बुटांवर पडला होता. तेवढंच तिला बरं वाटलं.

तरी दुसऱ्या दिवशी ती शिंदखेड्याला गेली. तिला गाळा बघायचा होता. पुना आबाच्या घरातून कुणी तिला तिकडे नेत नसे. यावेळी स्वप्नीलच्या चारचाकीत पुढच्या सीटवर बसवून नेलं.

त्या गाळ्याच्या भिंतींवर तिनं पाणी मारलं होतं. सासरा जिवंत होता, लेक पुनम पोटात होती, आणि हातपंपावरून घागरी आणून सकाळ-संध्याकाळ ओल्या विटांवर पाणी शिंपायचं काम तिच्याकडे होतं. पुना आबा तेव्हाही देखरेख करायचा. देखरेख म्हणजे लिंबाखाली बसून बिडी ओढायची आणि ही भिंत राहिली म्हणून बोट दाखवायचं. तेव्हाच्या पाण्यानं घट्ट झालेल्या भिंतींवर आता पिठाचा थर बसला होता. मोबाइलवाला त्या थराला हात न लावता टेप धरून मापं घेत होता.

गिरणीवाला निंबा त्याच्यामागे टेपचं दुसरं टोक धरून पळत होता. इतकी वर्षं भाडं वाढवायचं नाव काढलं की निंबा छातीत कळ आल्यासारखं करायचा. आता जागा सोडायचे काहीतरी पैसे मिळतील या आशेनं त्याची कळ पार गेली होती. त्यानं चहा मागवला. मोबाइलवाल्याला कप, स्वप्नीलला कप, आणि किटलीत उरलेला अर्धा तानुबाईला बशीत.

"ह्या कोण?" मोबाइलवाल्यानं विचारलं.

"काकू आहेत," स्वप्नील म्हणाला. "सही यांचीच लागते."

"अरे, मग बसायला द्या ना यांना!"

निंबा धावला. पिठाच्या पोत्यावरचं फडकं झटकून त्यानं खुर्ची पुसली. तानुबाई बसली नाही. जी खुर्ची सहीला मिळत होती तिच्यावर बसायची तिला किळस आली.

संध्याकाळी धुळ्याहून लेकीचा, पुनमचा फोन आला. स्वप्नीलनं तिलाही गाठलंच होतं.

"माय, इकी टाक," पुनम म्हणाली. "त्या गाळानी तुले आजलोंग काय दिधं? भाडं आबा खास, अन् तू दुसराना वावरमा निंदस. अर्धा पैसा तुना हातमा ई. मनाकडे ऱ्हाय."

पुनम खोटं बोलत नव्हती. गाळा राहिला तर भाडं पुना आबाच्या खिशात, आणि विकला तर पैसा आधी त्याच्याच हातातून जाणार. तरी अर्ध्याचं अर्धं तरी सुटलं असतं. शिवाय वना एकदाचा मेला असता. हे तिनं स्वतःशीसुद्धा पहिल्यांदाच म्हटलं, आणि तिला हलकं वाटलं. नुसतं मरून तरी त्यानं काही उपकार केला असता. पण त्याला मारायचं कुणी? ज्यानं जिवंत ठेवून खाल्लं त्यानंच मारायचं, आणि मारून परत खायचं? हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

जेवणं झाल्यावर ती पुना आबाच्या ओसरीला गेली आणि दाराच्या चौकटीआड उभी राहिली. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर तोंड उघडं टाकायचं नाही, जेठाशी थेट बोलायचं नाही, ही रीत तिनं लग्न होऊन आल्यापासून पाळली होती. काही सांगायचं असलं की मधे कुणीतरी लागायचं. कुणी नसलं तर म्हशीला सांगायचं, जेठ ऐकून घ्यायचा. आज मधे स्वप्नीलची बायको दिपमाला होती.

"दिपमाला, तुना सासराले सांग, मी सही करसू."

पुना आबा खाटेवर ताठ झाला. स्वप्नीलनं मोबाइल खाली ठेवला.

"पन शनिवारे गहू मोजतीन तवय वनानी मूठ टाकू नका म्हना. बठ्ठा भाऊबंदसमोर. मूठ नही पडनी, का सोमवारे कानबाईनं इसर्जन करी मी कोर्टमा येसू. कुंकू पुशी येसू."

"अन् पडनी तर?" दिपमालानं विचारलं. हे तिचं स्वतःचं विचारणं होतं.

"पडनी तर तो जित्ता शे. मंग जित्ता माणूसना वाटा कोनाकडे जास, ते बी तठेच बठ्ठासमोर ठरी जाऊ द्या."

पुना आबा मोठ्यानं हसला. "तिले सांग, इतलंच ना? मूठभर गहू! मी काय कुक्कुल पोऱ्या शे?"

हसणं खोटं होतं हे चौकटीआडून दिसत नसलं तरी ऐकू येत होतं. पुना आबा माणसाला घाबरत नसे, माणसाचं खायला घाबरत नसे, पण कानबाई म्हणून पुजलेल्या नारळापुढे त्याची गाळण उडायची. एका वर्षी रोटाचा तुकडा कुत्र्यानं पळवला आणि त्याच आठवड्यात याच्या मांडीला गळू झालं, तर हा बहाद्दर पुढच्या कानबाईपर्यंत अनवाणी हिंडला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तळपाय दाखवत होता. हे सगळं तानुबाईला ठाऊक होतं. म्हणून तर तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

मधल्या दिवसांत पारावर पुना आबाचा आवाज चढत गेला. मूठ काय, रीत काय, आता जमाना कुठं गेला, असं तो न विचारता सांगायचा. मग मधेच उठून कुळातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या उखर्डू नानाकडे जायचा आणि हळूच विचारायचा, एखाद्यानं मूठ नाही टाकली तर काय होतं? उखर्डू नानाला अर्धं ऐकू यायचं, पण मजा पुरती कळायची.

"नको टाकू," तो म्हणायचा. "मनं काय जास? देखी लेवाले कानबाई शे."

घरी येऊन पुना आबा जेवायचा नाही. म्हशीनं वैरण टाकली तर त्याचा चेहरा उतरायचा. दिवा भडकला तर दिपमालावर ओरडायचा, तेल कुठलं आणलंस म्हणून. दिपमाला हे सगळं मागच्या खोलीत येऊन सांगायची आणि पदर तोंडात धरून हसायची. तानुबाई हसायची नाही. निंदणीनं तिची बोटं फुटली होती आणि ती त्यांना तेल लावत बसायची. असल्या माणसाच्या तुकड्यावर आपण इतकी वर्षं काढली, हेच तिच्या डोक्यात फिरत असायचं.

शनिवारी दुपारी भाऊबंद जमले. भिंत पोतारलेली, पाटावर कानबाईचा नारळ काढून ठेवलेला, शेजारी गव्हाचं पोतं. स्वप्नीलनं सगळ्यांना आधीच गाठून ठेवलं होतं. कोर्टात साक्ष द्यायला चारजण तयार झाले होते. वना मेला हे सांगायला त्यांना काही वाटत नव्हतं. दर वर्षी त्याच्या मुठीला गहिवरणारे हेच चारजण.

जेठानी, पुना आबाची बायको, गेल्यापासून सूप धरायचा मान तानुबाईचा होता. मान म्हणजे काय, पदर नाकापर्यंत ओढून दोन्ही हात लांब करून ताटकळत उभं राहायचं. पुना आबा पोत्यात हात घालायचा, नाव घ्यायचा, मूठ सुपात सोडायचा. एकेका नावाला सूप जरा हलवायचं की गहू मागे सरकत आणि पुढच्या मुठीला जागा होई.

"उखर्डू," पुना आबा म्हणाला. मूठ पडली. तिनं सूप हलवलं.

"पुना." मूठ पडली. तिनं सूप हलवलं, गहू मागे सारले आणि वनाच्या मुठीची जागा रिकामी करून सूप पुना आबाच्या हाताखाली धरलं.

पुना आबाचा हात पोत्यात गेला आणि तिथंच राहिला. बापाच्या खांद्यामागून स्वप्नील हळूच म्हणाला, "मनं नाव ल्या आते."

पुना आबानं ओठ हलवले. हात वर आला. मूठ गच्च होती आणि बोटांच्या फटीतून एक-एक दाणा गळत होता. पदराखालून तानुबाईला तेवढंच दिसत होतं, तो म्हातारा हात आणि त्याच्याखाली तिनं धरलेलं सूप. तिनं हे सगळं त्याला ओळखून मांडलं होतं, तो हरणार हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तरी त्या घडीला तिला मनापासून वाटलं की यानं टाकू नये. स्वतःच्या पोराचं नाव घ्यावं. वना मरावा, आपण सुटावं, आणि हा माणूस जन्मात एकदा तरी आपल्या शब्दाचा निघावा.

पुना आबानं नारळाकडे पाहिलं.

"वना," तो म्हणाला. दर वर्षीचा गळा नव्हता. आवाज फाटका होता. मूठ उघडली आणि गहू सुपात पडले.

"बाबा!" स्वप्नील ओरडला आणि सुपात हात घालून ते गहू परत उपसायला धावला.

"हात लावू नको रे!" उखर्डू नानानं काठी आपटली. "सूपमा पडनं ते कानबाईनं. त्यामाईन तू वनाना गहू कसा काढशी? तोंडं शेतस का त्यासले?"

स्वप्नीलचा हात तसाच राहिला. मग तो मागे झाला. साक्ष द्यायला तयार झालेले चारजण एकमेकांकडे पाहू लागले. ज्याच्या नावाचा रोट उद्या सगळ्यांनी खायचा, तो मेला असं परवा शपथेवर सांगायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. त्यातला एकजण तर लगेच म्हणाला, "मी पहिलेच सांगेल व्हतं." त्यानं आधी काहीच सांगितलेलं नव्हतं.

तानुबाईनं सूप पाटाजवळ खाली ठेवलं. कंबर सरळ केली. मग पदर नाकावरून कपाळावर आणि कपाळावरून मागे सारला, आणि जेठाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं त्याचे पाय, चपला आणि धोतराचा काठच पाहिला होता. चेहरा तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"पुना आबा," ती म्हणाली.

एका बाईनं तोंडावर हात ठेवला. पुना आबानं मान फिरवली.

"दिपमाला, तिले सांग…"

"माले सांगा. मी आठेच उभी शे."

त्यानं पाटावरच्या नारळाकडे तोंड केलं.

"वना जित्ता शे. तुम्हीच मूठ टाकी, बठ्ठासनी देखी. मंग जित्ता माणूसना गाळा त्याना बगर इकाई जात नही. अन् जित्ता माणूसनी बायको दुसराना वावरमा निंदत नही. आजपाईन त्याना वाटानं भाडं निंबा मना हातमा दी. मांगलं मी काही इचारत नही." तिनं नारळाकडे बोट केलं. "ते ती इचारी."

"बरोबर शे," उखर्डू नाना म्हणाला. लगेच चारही साक्षीदार बरोबर शे, बरोबर शे म्हणू लागले. माना हलवायला त्यांना पैसे पडत नव्हते.

पुना आबाची नजर नारळावरून सुपावर आणि सुपावरून आपल्या रिकाम्या हातावर आली.

"निंबाले सांगी देस," तो म्हणाला.

"मनासमोर सांगा. आते दळाले जानंच शे."

तानुबाईनं हातातल्या बांगड्या मागे सारल्या. त्या आणखी वर्षभर तिथंच राहणार होत्या. वर्षभर ती त्या सुरतेच्या निकम्म्याचीच बायको राहणार होती, आणि याचं तिला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. पण ते दाखवायला ही ओसरी नव्हती. उरलेली नावं झाली, मुठी पडल्या, गहू पोत्यात भरले गेले. दाराशी स्वप्नीलची गाडी उभी होती आणि स्वप्नील गाडीत काचा वर करून बसला होता.

मग तानुबाईनं पदर पुन्हा कपाळावरून नाकापर्यंत ओढला, नीट, रीतीप्रमाणे, आणि दाराच्या चौकटीआड जाऊन उभी राहिली.

"दिपमाला," ती म्हणाली, "तुना सासराले सांग, पोतं उचला म्हना. दळाले उशीर व्हई ऱ्हायना."

दिपमालानं सांगितलं. पुना आबानं आजूबाजूला पाहिलं. कुणीच पुढे आलं नाही. तेव्हा तो वाकला आणि त्यानं पोतं उचललं.